मदत हवी आहे : ओटीला व्हीलचेअरसाठी उतार

आमचे घर रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठी, जांभ्याचे व कौलारू आहे. नऊ वर्षांचा मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरतो. आजवर त्याला उचलून ओटीवर घेत होतो, पण आता त्याचे वजन २४ किलो झाले आहे. जोते दोन फूट उंच आहे. गवंड्याने सहा फुटांचा सिमेंटचा उतार करून दिला, परंतु तो इतका खडा आहे की खुर्ची ढकलताना पुढची चाके उचलली जातात. १:१२ या प्रमाणाने, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरून, २४ फूट लांबी लागते आणि तुळशीवृंदावनापर्यंत जागा जेमतेम १५ फूट आहे. वृंदावन हलवायला आई तयार नाही, आणि खरे तर मीही नाही. म्हणून मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून उतार पडवीच्या कडेने काटकोनात वळवायचे ठरवले आहे. दरवाजा ३६ इंची असल्याने तिथे अडचण नाही.

चिंता पावसाळ्याची आहे. जुलैपर्यंत अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळाचा हिरवा थर चढतो, आणि उतारावर छप्पर घालणे यंदा परवडणारे नाही. तेव्हा खराट्याने ओरखडे काढलेले काँक्रीट आणि खडबडीत फरशी यांपैकी कशावर शेवाळ कमी धरते, आणि खाऱ्या हवेत कठड्याला न गंजणारे काय वापरावे?