मेलानी द जेझुस दोस सांतोसची कारकीर्द फसली म्हणायची?

झुलता_पूल (धागाकर्ता)

पॅरिस ऑलिम्पिकचा धुरळा केव्हाच बसला, तरी मेलानीचं नाव निघालं की पुढचा शब्द ‘फ्लॉप’ हाच. परवा एका क्रीडाप्रेमींच्या ग्रुपवर पुन्हा तेच झालं, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: एमिली ल पेनेकनंतर फ्रान्सच्या महिला जिम्नॅस्टिक्समध्ये एवढ्या उंचीची दुसरी कोणी झाली नाही, आणि एका जुलैच्या दिवसावरून तिचा हिशेब मिटवणं हा निव्वळ आळस आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म मार्च २०००, कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटावर. बेट फ्रान्सचंच, पण पॅरिसपासून जवळजवळ सात हजार किलोमीटर. बाराव्या वर्षाच्या आसपास पोरगी घर सोडून सेंट एतिएनला आली, एरिक आणि मोनिक आगार या जोडप्याच्या हाताखाली तयार झाली. २०१८ मध्ये ग्लासगोला फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) युरोपियन सुवर्ण, शिवाय संघाचं रौप्य. २०१९ मध्ये श्चेचिनला पुन्हा फ्लोअर, आणि वर ऑल-अराउंडचं म्हणजे चारही उपकरणांच्या बेरजेचं सुवर्ण. हे विजेतेपद तिच्याआधी एकाच फ्रेंच मुलीने मिळवलं होतं, मारीन देबोवने, २००५ मध्ये. टोकियोत संघ सहावा. २०२२ मध्ये ती ह्यूस्टनजवळ, अमेरिकेची स्टार जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिच्या घरच्यांच्या जिममध्ये सरावाला गेली. २०२३ मध्ये अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सला संघाचं कांस्य. याआधीचं पदक १९५० चं होतं, म्हणजे ७३ वर्षांनी!

मग २८ जुलै २०२४, पॅरिसमधलं बेर्सीचं स्टेडियम, पात्रता फेरी. संघ पहिल्या आठांत नाही, मेलानी एकाही अंतिम फेरीत नाही. लोकांना आठवतं ते एवढंच.

सडेतोड_नागपूर

असहमत, आणि चांगलाच असहमत.

ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं, म्हणूनच त्याला किंमत आहे. बाई दोनदा परीक्षेला बसल्या आणि दोन्ही वेळा वैयक्तिक पदक शून्य. तुम्ही ल पेनेकचं नाव घेतलंत, बरं झालं. अथेन्स, २००४, वय १६, अनइव्हन बार्स (उंच-सखल दोन दांड्या), सुवर्ण. फ्रान्सच्या महिला जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं. तिच्या नावापुढे कोणाला धागा काढून वकिली करावी लागत नाही.

आणि ते अँटवर्पचं कांस्य. तिथे रशिया होता का? नव्हता, बंदी होती. मैदान मोकळं मिळालं की ७३ वर्षांचे दुष्काळ संपतात.

झुलता_पूल

रशियाचा मुद्दा येणार हे ठाऊक होतं. मग २०१९ चं बोला. श्चेचिनला रशिया होता, त्यांची मेल्निकोवा होती आणि ती मेलानीच्या मागे राहिली. हीच मेल्निकोवा २०२१ मध्ये ऑल-अराउंडची जगज्जेती झाली. तेव्हा मैदान मोकळं नव्हतं ना?

सडेतोड_नागपूर

मान्य, नव्हतं. पण पॅरिसलाही रशियाचा संघ नव्हता हो! तरी पहिल्या आठांत नाही. आपलाच मुद्दा आपल्याच अंगाशी आला की काय?

पावडरवाले_हात

दोघांनाही थोडं थांबवते. मी ठाण्यात लहान मुलींना शिकवते, शाळेत असताना स्वतःही खेळले आहे. बेर्सीला काय झालं ते गुणांच्या अंगाने बघा, म्हणजे ‘फ्लॉप’ शब्द वापरायचा की नाही ते ठरवता येईल.

पॅरिसला संघ पाच जणींचा. पात्रता फेरीत प्रत्येक उपकरणावर चौघी उतरतात, तिघींचे गुण धरतात, सगळ्यात कमी गुण सोडून देतात. म्हणजे एकीचं पडणं संघ पचवतो. एका उपकरणावर दोघी पडल्या की निदान एक पडणं बेरजेत येतंच. पडलं की एक गुण गेला. फ्लोअरवर एक पाय रेषेबाहेर गेला तर ०.१, दोन्ही गेले तर ०.३.

आता मेलानीसारखी खेळाडू म्हणजे जिचे गुण संघाने आधीच धरून ठेवलेले असतात. तिचं पडणं सोडून द्यायच्या खात्यात जातं आणि चौथ्या मुलीचे कमी गुण मोजायला लागतात. सगळा संघ तिच्या खांद्यावर उभा केलेला असतो, त्यामुळे तिच्या चुकीची किंमत इतरांच्या चुकीपेक्षा जास्त. तिने त्या दिवशी चुका केल्या, यात वाद नाही. पण संघ एका मुलीमुळे बाहेर जात नाही, चौघींच्या बेरजेने जातो.

आणखी एक. बीम, म्हणजे तोल सांभाळायची पट्टी, १० सेंटीमीटर रुंद. त्यावरून पडलात की परत चढायला १० सेकंद मिळतात. एवढ्या वेळात मुलगी काय करते माहीत आहे का? मांडीला लागलेली पावडर झटकते, तळवे पुसते, कोचकडे बघायचं की नाही हे ठरवते आणि वर चढते. माझ्या मुली जिल्हा स्पर्धेत पडतात तेव्हा हॉलमध्ये पन्नास पालक असतात, तरी त्यांचे पाय लटपटतात. इथे सगळं स्टेडियम घरच्या मुलीसाठी ओरडतंय. लोकांना वाटतं घरचं मैदान म्हणजे आधार. बीमवर तो आधार नसतो, सांगते.

मधली_सुट्टी

+१. माहितीबद्दल धन्यवाद ताई.

जावयाचा_मान

सगळेजण मेलानीला धरून बसलेत, मुख्य आरोपी बाजूलाच राहिला. फ्रेंच फेडरेशन!

त्याच बेर्सीत, ४ ऑगस्टला, अनइव्हन बार्सचं सुवर्ण कोणी घेतलं? कायलिया नेमूरने. १५.७०० गुण. जन्म फ्रान्सचा, वाढली फ्रान्समध्ये, सराव लवार खोऱ्यातल्या आव्वान-बोमाँ क्लबात. पदक मात्र अल्जेरियाचं, आफ्रिकेचं जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं ऑलिम्पिक पदक. कारण? फेडरेशनला ती पॅरिसच्या इन्सेप या राष्ट्रीय केंद्रात हवी होती, तिला आपला क्लब आणि आपले कोच सोडायचे नव्हते. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या सर्जनने परवानगी दिली, फेडरेशनच्या डॉक्टरने अडवलं. ती वडिलांच्या देशाकडून खेळायला निघाली, तर सोडपत्रावरूनही (दुसऱ्या देशाकडून खेळू द्यायची परवानगी) अडवणूक. २०२३ मध्ये क्रीडामंत्री उदेआ-कास्तेरा यांनी मध्ये पडून गाठ सोडवली, तेव्हा कुठे ती आफ्रिकन स्पर्धेला जाऊ शकली आणि तिथून पुढे. त्याच वर्षी अँटवर्पला बार्सवर रौप्य.

घरातलं सोनं शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि मग घरात राहिलेल्या मुलीला विचारताहेत, तू का चमकली नाहीस?

सडेतोड_नागपूर

वा! पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. यावर सहमत.

कोरडा_पाऊस

मी नाही सहमत. कायलियाची गोष्ट ऐकायला छान आहे, कारण शेवटी सुवर्ण आलं. क्षणभर ते सुवर्ण बाजूला ठेवा. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टर म्हणतोय, अजून थांब. यात खलनायक कुठे आहे? तोच गुडघा अँटवर्पला गेला असता तर तुम्हीच धागा काढला असता, ‘फेडरेशनने पोरीला का थांबवलं नाही?’ पदक मिळालं म्हणून डॉक्टर चूक ठरत नाही. निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं.

सोडपत्र अडवलं ते मात्र चूक. ते सरळसरळ सूडाचं वाटतं. पण डॉक्टर आणि सोडपत्र एकाच पिशवीत घालू नका.

जावयाचा_मान

डॉक्टरचा मुद्दा एका मर्यादेपर्यंत ठीक. पण ज्या संस्थेशी क्लबवरून वाद चालू आहे, त्याच संस्थेचा डॉक्टर परवानगी नाकारतो, तेव्हा संशयाला जागा राहतेच. तिसऱ्या, तटस्थ डॉक्टरकडे का पाठवलं नाही?

झुलता_पूल

कायलियाचा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे, पण एक गंमत बघा. जावयांच्या मते कायलियाने क्लब सोडला नाही हे तिचं शहाणपण. आणि मेलानीने सेंट एतिएन सोडून अमेरिका गाठली, ही (बऱ्याच जणांच्या मते) तिची चूक. म्हणजे थांबावं की जावं, हे पदक ठरवणार!

मेलानी बाराव्या वर्षी मार्तिनिकहून निघाली तेव्हा कोणी विचारलं नाही की घर का सोडतेस. बेटावरची मुलगी मोठ्या केंद्रात येणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. तेव्हा ते कौतुकाचं होतं, ‘जिद्द’ होती. तीच मुलगी बावीसाव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने ह्यूस्टनला गेली तर लगेच ‘फ्रेंच यंत्रणेकडे पाठ फिरवली’. बरं, तिथे तिला शिकवणारे कोण? लोराँ आणि सेसील लांदी. दोघंही फ्रेंच, सेसील तर १९९६ ला अटलांटात फ्रान्सकडूनच खेळलेली. बाइल्सचे तेव्हाचे कोच तेच. म्हणजे फ्रेंच मुलगी फ्रेंच कोचकडे गेली, फक्त मधे अटलांटिक होता. आणि ह्यूस्टनला गेल्यावरच अँटवर्पचं कांस्य आलंय, हे विसरू नका.

सडेतोड_नागपूर

कांस्य संघाचं आहे. त्यात मारीन बुआये, कोलीन देव्हियार, मॉर्गान ओसिसेक, जेना लारुई याही होत्या. त्या नव्हत्या गेल्या ह्यूस्टनला.

पावडरवाले_हात

बरोबर. पण संघाच्या अंतिम फेरीत प्रत्येक उपकरणावर फक्त तिघी उतरतात आणि तिन्ही गुण धरतात. सोडून द्यायला काहीच नसतं, एक पडणं आणि पदक गेलं. अँटवर्पला त्यांनी ते निभावलं. माझ्या लेखी हे अवघड काम आहे, रशिया असो वा नसो.

तिसरी_घंटा

एक वेगळाच प्रश्न. फ्रान्सचाच जिम्नॅस्ट समीर ऐत सईद, त्याला कोणी ‘फ्लॉप’ म्हणतं का?

२०१२ च्या युरोपियन स्पर्धेत पाय मोडला, लंडन हुकलं. २०१६ रिओ, व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीच्या) लँडिंगला डावा पाय असा मोडला की टीव्हीवर बघवत नव्हतं, आणि स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये चढवताना तेही हातातून निसटलं. टोकियोत ध्वजवाहक, उद्घाटनात कोलांटी, रिंग्जच्या अंतिम फेरीत दुखऱ्या दंडाने चौथा. पॅरिसला रिंग्जमध्ये पुन्हा चौथा. ऑलिम्पिक पदक एकही नाही. तरी सगळा फ्रान्स त्याला डोक्यावर घेतो. घ्यायलाच हवा, मीही घेतो. पण मग मेलानीला वेगळा काटा का? पुरुषाचं हाड मोडलं तर तो योद्धा, बाई पडली तर ‘मानसिक कणखरपणा नाही’?

कोरडा_पाऊस

बाई-पुरुष इथे आणू नका. हाड मोडणं अपघात आहे, एकाच दिवशी एवढ्या चुका होणं म्हणजे तयारीचा प्रश्न. आणि समीर दोन्ही वेळा अंतिम फेरीत तरी पोचला. चौथ्या नंबरची बोच आपल्याला दीपा कर्माकरमुळे चांगली ठाऊक आहे. रिओत व्हॉल्टवर कांस्य ०.१५ ने हुकलं. चौथा नंबर आणि पात्रता फेरीतच घरी, यात फरक आहे.

तिसरी_घंटा

फरक आहे हे खरं. पण समीरचं कौतुक होतं ते नंबरामुळे नाही, परत परत उभा राहिला म्हणून. आणि ते फक्त मोडलेल्या पायालाच लागू आहे का? टोकियोनंतर सगळं बदलून, दुसऱ्या खंडात जाऊन, नव्या कोचसोबत पुन्हा सुरुवात करणं हेही परत उभं राहणंच आहे. एक्स-रेमध्ये दिसत नाही एवढंच.

सडेतोड_नागपूर

तिसरी घंटा, भाषण छान झालं, पण टाळ्या संपल्या की निकाल उरतो.

माझं शेवटचं सांगतो, मग जेवायला जातो. श्चेचिनचं सुवर्ण अस्सल, मेल्निकोवाचा मुद्दा मला खोडता आला नाही. अँटवर्पलाही ताईंनी सांगितल्यावर थोडी किंमत वाढवली. पण ‘ल पेनेकनंतरची सगळ्यात उंच’ हे वाक्य मी सही करणार नाही. देबोवने २००५ मध्ये तेच ऑल-अराउंड सुवर्ण घेतलं, ती काय मग पायरीवर बसलीय का?

झुलता_पूल

देबोवकडे फ्लोअरची लागोपाठ दोन युरोपियन सुवर्णं आहेत का? संघाचं जागतिक कांस्य आहे का? आधी जेवून या, मग बोलू.