शब्दचर्चा: भाड्याची गाडी, गारपीट आणि ‘जबाबदारी’

प्रश्न: भाड्याच्या गाडीच्या करारात ‘गाडी परत करेपर्यंत झालेल्या सर्व नुकसानाची जबाबदारी घेणाऱ्याची’ असं असतं. उभ्या गाडीवर गारा पडून टपाला पोचे आले, तर जबाबदारी कसली? यात चूक कुणाचीच नाही.

– इथे ‘जबाबदारी’ म्हणजे दोष नव्हे, दायित्व. पैसे कोणी भरायचे, एवढंच. ‘कारण काहीही असो’ असं लिहिलेलं असेल तर अस्मानी संकटही घेणाऱ्याच्याच माथी. ‘निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान’ असं असेल, तरच चूक कुणाची हे बघायचं.

– मग ‘डॅमेज वेव्हर’ कशाला घ्यायचा?

– त्याला सरसकट विमा म्हणू नये. ती दायित्वमाफी: कंपनी वसुलीचा हक्क सोडते, तोही अटी घालून. नावात ‘कोलिजन’ असेल तर व्याख्या उघडून वाचा. टक्कर म्हणजे गाडी कशावर तरी आदळणं. गारा, पूर, कोसळलेली फांदी हे बहुधा त्यात बसत नाही. ‘लॉस डॅमेज’ नावाचा वेव्हर सहसा जास्त व्यापक. तरी काच, टायर, टप आणि गाडीचा तळ अनेकदा वगळलेले असतात, आणि गारांचा मार नेमका टपावर नि काचेवर! शिवाय ‘एक्सेस’, म्हणजे माफी असूनही नुकसानीतली तुम्हीच भरायची ठरलेली रक्कम, उरतोच. त्याचं ‘जादा रक्कम’ असं भाषांतर दिसतं, ते साफ चुकीचं. ‘स्वतःचा वाटा’ म्हणा.

– ‘लॉस ऑफ यूज’ला ‘खोळंबा-भरपाई’ चालेल?

– छान आहे. गाडी दुरुस्तीत अडकली तेवढ्या दिवसांचं भाडं. हे दुरुस्तीच्या बिलापेक्षा वेगळं असतं. क्रेडिट कार्डातर्फे भाड्याच्या गाडीच्या नुकसानीला संरक्षण असेल तर काही कार्डवाले ही रक्कम देण्याआधी कंपनीकडे गाड्यांच्या वापराची नोंद मागतात. ती तुम्हीच मागून ठेवा.

– ‘अस्मानी’ कुठे संपतं, तेही सांगायला हवं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली, तर हवेच्या वाटेने पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. पूर अस्मानी, वाकलेला रॉड चालवणाऱ्याचा. सोसाट्याच्या वाऱ्यात दार हातातून सुटून बिजागरी वाकली, तर तीही बऱ्याच कंपन्या ‘वापरातली चूक’ धरतात.

– ‘पूर्वीचं नुकसान’ हा शब्दही यादीत घ्या. ताब्यात घेताना गाडी ओली असेल तर आधी टप आणि बॉनेट पुसा. ओल्या पत्र्यावर बारीक पोचे दिसत नाहीत. फोटो समोरून नको, पत्र्याला जवळजवळ समांतर, तिरक्या उजेडात. दिसलेला प्रत्येक पोचा ताबा-पत्रकावर लिहून घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नये.