मदत हवी आहे : आखाजीच्या गाण्यांतील गांधार मोजायचा आहे, संगत कोणाची धरावी?

नमस्कार मंडळी,

पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत राहणाऱ्या सुरांचा, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांचा, अभ्यास करणारे लोक जगभर आहेत आणि त्यांचे अनेक गट आहेत. त्यांपैकी माझ्या कामाला नेमकी कोणाची संगत उपयोगी पडेल, हे विचारण्यासाठी हा धागा काढत आहे. मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहतो आणि भजनी मंडळात पेटी वाजवतो. विशारदपर्यंतचा अभ्यास झालेला असल्यामुळे श्रुती, ग्राम, मूर्च्छना हे शब्द मला नवे नाहीत. मोजमापाच्या बाबतीत मात्र मला शिकवणारे कोणी भेटलेले नाही.

काम असे आहे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि अहिराणीतून गाणी म्हटली जातात. माझ्या आत्याला ही गाणी भरपूर येतात. तिला पेटीवर साथ धरायला गेलो की सा आणि प बिनचूक जुळतात, रिषभही चालून जातो, पण गांधार (ग) कोमल धरला तर आत्या त्याच्या वर राहते आणि शुद्ध धरला तर खाली. बाईचा कान कच्चा आहे असे म्हणून विषय मिटवता आला असता. परंतु ती तो गांधार दर कडव्याला त्याच जागी लावते आणि तिची सासरची जाऊबाईही तिथेच लावते, तेव्हा हा बेसूर नसून ठरलेला सूर असावा, असे मला वाटू लागले.

म्हणून फोनवर ध्वनिमुद्रण करून ते प्रात या मोफत संगणक-प्रणालीत घातले. ती प्रत्येक क्षणाची वारंवारता देते. त्या वारंवारतेला षड्जाच्या (सा) वारंवारतेने भागून, भागाकाराचा २ या पायाचा लॉगरिदम काढून त्याला १२०० ने गुणले की अंतर सेंटमध्ये मिळते (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). पेटीवर कोमल गांधार ३०० सेंटवर आणि शुद्ध गांधार ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्याशी शुद्ध मिळवलेला गांधार (५/४) सुमारे ३८६ वर आणि कोमल (६/५) सुमारे ३१६ वर येतो. आत्याचा गांधार या दोहोंच्या अधेमधे पडतो. अडचण अशी की ती आधारस्वराशिवाय गाते आणि गाणे रंगत जाईल तसतसा तिचा षड्ज वर सरकत जातो. पहिल्या कडव्यातील षड्ज धरून मोजले तर शेवटच्या कडव्यातील गांधार जवळजवळ शुद्ध दिसतो, आणि शेवटचा षड्ज धरला तर पहिल्या कडव्यातील गांधार कोमलाच्याही खाली जातो. षड्ज कोणता मानायचा, हेच ठरत नाही.

आता संगतीविषयी. मला आतापर्यंत तीन प्रकारची मंडळी भेटली.

पहिली मंडळी शास्त्राची. नाट्यशास्त्रकार भरताच्या दोन वीणा, ध्रुव (स्थिर) आणि चल (सूर बदलत जाणारी). षड्ज, मध्यम, पंचमाला प्रत्येकी ४, ऋषभ-धैवताला ३ आणि गांधार-निषादाला २ अशा मिळून सप्तकात २२ श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थाने. मग तेराव्या शतकात अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, देवगिरीला बसून ग्रंथ लिहिणारा शार्ङ्गदेव. आणि नंतर थेट विसावे शतक. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडली, आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांनी ती उचलून धरली, त्यांतून श्रुतींची पेटी तयार झाली आणि १९१६ च्या बडोदा परिषदेत तिच्यावरून वाद झाला. हा इतिहास मला मनापासून आवडतो. परंतु या मंडळींकडे आत्याचा गांधार नेला की ते त्याला लगेच एखाद्या श्रुतीचे नाव देतात, आणि नाव बसले नाही तर गाणारीलाच दोष देतात. नाझिर जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये ध्वनिमुद्रणे मोजून दाखवले होते की कसलेल्या कलावंतांचेही स्वर एका ठरलेल्या बिंदूवर उभे राहत नाहीत. हे सांगितले की चर्चा थांबते.

दुसरी मंडळी पाश्चात्त्य. सप्तकाचे १९, ३१ किंवा ५३ समान भाग करून त्यांत नवे संगीत रचणारी, अमेरिकन संगीतकार हॅरी पार्चच्या ४३ स्वरांच्या सप्तकावर प्रेम करणारी. त्यांची साधने उत्तम आहेत आणि मदतीचा हातही मोकळा आहे. मात्र त्यांचे लक्ष नवे स्वरसप्तक घडवण्याकडे असते, कोणी आधीपासून गात असलेले ऐकण्याकडे कमी.

तिसरी मंडळी अरबी मकामवाली (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी तिकडची स्वररचना). रास्त मकामातील तिसरा स्वर असाच मधला असतो, हे खरे. पण त्यावरून ‘खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य १६०१ पर्यंत होते, तेव्हा हा सूर बुऱ्हाणपूरमार्गे आला असणार’ इथवर उडी मारणारे महाभाग भेटले आणि मी हात जोडले.

या तिघांखेरीज, साध्या माणसांचे गाणे ऐकून, मोजून, घाईने निष्कर्ष न काढणारी मंडळी कुठे असतात? आणि सरकत्या षड्जावर त्यांचा उपाय काय असतो? आपले मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद (जळगाव)

भाऊ, विषय फार चांगला घेतला आहे. ध्वनिमुद्रणाचे काम करतो म्हणून तेवढ्यापुरते सांगतो. एका वेळी एकाच बाईचे गाणे मुद्रित करा. प्रात एका आवाजाचा सूर शोधते. चार बायका मिळून गात असतील तर ती गोंधळते आणि मधलाच कुठलातरी आकडा देते. आवाजाची खालची मर्यादा बायकांसाठी वाढवून घ्या, नाहीतर ती मधूनमधून एक सप्तक खाली उडी घेते. शिवाय पेटी वाजत असताना केलेले कोणतेही मुद्रण या कामासाठी बाजूला ठेवा, कारण पेटी सुरू झाली की गाणारा नकळत तिच्याकडे झुकतो.

प्रतिसाद (धुळे)

मी भौतिकशास्त्र शिकवतो. आपण झोक्याचा उल्लेख केला आहे, म्हणून विचारतो : गाणारी झोक्यावर आणि फोन जमिनीवर, असे मुद्रण झाले आहे का? झोका अर्धा मीटर उंचीवरून खाली आला तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर होतो. आखाजीच्या उन्हात, ४० अंश तापमानाला, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर धरावा. फोन झोक्याच्या समोर असेल तर ती पुढे येताना तिचा सूर सुमारे १५ सेंट चढलेला आणि मागे जाताना तेवढाच उतरलेला नोंदला जाईल. पेटीचा शुद्ध गांधार आणि तंबोऱ्याचा शुद्ध गांधार यांच्यातील फरकच १४ सेंटांचा आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे ज्या सूक्ष्मतेसाठी आपण मोजत आहात, ती झोकाच खाऊन टाकतो. फोन झोक्याच्या बाजूला, काटकोनात ठेवला तर हा परिणाम बराच कमी होतो; गाणारीच्या पदराला छोटा मायक्रोफोन लावून फोन तिच्याच कमरेला खोचला तर प्रश्नच उरत नाही. अर्थात आपल्या आत्याबाईंचा गांधार दोन्ही ठरलेल्या गांधारांपासून ३०-३५ सेंट दूर असेल, तर तेवढा फरक एकट्या झोक्याने पडणार नाही.

प्रतिसाद (पुणे, मूळ गाव चाळीसगाव)

दादा, आपण शोधत आहात ती मंडळी बहुधा संगीतकारांच्या गटांत नसून संशोधकांत सापडतील. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी गायनातील सुरांच्या संगणकीय विश्लेषणावर पुष्कळ काम केले आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्थानी, कर्नाटक आणि तुर्की संगीत त्याच पद्धतीने अभ्यासले आहे, आणि त्यांचे शोधनिबंध मोफत वाचता येतात. गुरुग्रामला लोकसंगीत आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय आहे, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे. अशा ठिकाणचे लोक मुद्रणासोबत कोणी, कुठे, कोणत्या प्रसंगी गायले हेही विचारतात, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. पाश्चात्त्य सूक्ष्मस्वरी मंडळी सोडू नका. त्यांच्याकडून साधने घ्या, अर्थ लावणे तेवढे आपल्याकडे ठेवा.

सरकत्या षड्जावरचा एक साधा उपाय असा, की संपूर्ण गाण्याला एक षड्ज न मानता प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती ज्या सुरावर विसावते तो त्या कडव्याचा षड्ज धरावा. मग सर्व कडव्यांतील सूर एकत्र करून कोणता सूर किती वेळ लागला याचा आलेख काढावा. गांधाराजवळ एकच टोकदार उंचवटा आला तर तो ठरलेला सूर. पसरट टेकाड आले तर तिथे एक बिंदू नसून एक इलाखा आहे, असे समजावे. पसरट आले म्हणून निराश होऊ नका.

प्रतिसाद (नंदुरबार)

थोडे वेगळे मत मांडतो. एवढे सगळे मोजून झाल्यावरही तो सूर आत्यांना हवा आहे की नुसताच लागतो आहे, हे आकडा सांगणार नाही. त्यापेक्षा त्यांच्या गाण्याची एक ओळ संगणकावर तीन प्रकारे तयार करा : गांधार ३१६ वर, ३५० वर आणि ३८६ वर. सर्ज एक्सटी हा संगणकावरचा मोफत सिंथेसायझर स्काला पद्धतीने (सुरांची अंतरे लिहिलेल्या फायलीत) दिलेली सप्तके वाचतो, त्यात हे जमते. मग क्रम उलटसुलट करून त्यांना ऐकवा आणि कोणते ‘आपलं’ वाटते ते विचारा. त्यांनी मधला गांधार पुन्हापुन्हा निवडला तर आपले म्हणणे बळकट होईल. तिन्ही चालतील म्हणाल्या तर तेही उत्तरच आहे. आमच्या भागात पावरी या आदिवासी फुंकवाद्यावर नाचणाऱ्यांना मी एकदा असे विचारले होते, त्यांनी मलाच वेड्यात काढले; पण त्या हसण्यातूनही कोणता सूर त्यांना खटकला, ते कळले.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धुळ्याच्या सरांचा झोक्याचा मुद्दा मला सुचलाच नसता. माझ्याकडील काही मुद्रणे झोक्यावरची आहेत, ती वेगळी काढतो. आत्याला ओसरीवर बसवून गायला सांगितले, तर ‘आखाजी नही तं हाई गाना कसाले?’ असे म्हणून तिने आधी नकार दिला, नंतर दोन गाणी म्हटली. कडव्यागणिक षड्ज धरण्याची पद्धत त्यांच्यावर वापरून पाहत आहे आणि तीन गांधारांची ओळही तयार करायला घेतली आहे. आयआयटीतील आणि गुरुग्रामच्या मंडळींना पत्र लिहिण्यापूर्वी एवढे हाताशी असावे, असे वाटते.

आणखी एक विनंती. पारोळा, चाळीसगाव, साक्री या बाजूला कोणाकडे आखाजीच्या किंवा कानबाई या खानदेशी देवीच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट असतील तर कृपया कळवावे. टेप थोडी जलद किंवा संथ चालत असली तरी हरकत नाही, कारण त्याने सगळे सूर एकाच प्रमाणात चढतात-उतरतात आणि त्यांच्यातील अंतरे तीच राहतात. फक्त फीत ओढली जाऊन आवाज मधूनच लहरत असेल, तर तसे आधी सांगावे.