मदत हवी आहे : पारसिकच्या खाणींतल्या दगडांची नोंद कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही नवी मुंबईतल्या बेलापूरचे चौघं, दर रविवारी पारसिक डोंगराच्या बंद पडलेल्या दगडखाणींत फिरतो. खाणीने डोंगर खाल्ला हे खरं, पण त्यामुळेच आतला बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) उभा कापलेला दिसतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, मध्येच थर छेदत वर गेलेली डाइकची (भेगेत थिजलेल्या शिलारसाची) काळी भिंत, पोकळ्यांमध्ये झिओलाइट खनिजाचे पांढरे स्फटिक. दख्खनचे थर एरवी जवळपास आडवे असतात, आपल्याकडे मात्र ते पश्चिमेकडे कललेले आहेत. पनवेल फ्लेक्शर (थरांना आलेला बाक) म्हणतात ते हेच.

नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, तेव्हा आमच्यापैकी कुणीही एक नीट फोटोसुद्धा काढला नव्हता. ती चुटपुट अजून आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिल या बेसॉल्टच्या टेकडीसारखं वारसा स्थळाचं भाग्य सगळ्याच टेकड्यांना कुठलं!

सध्या फोटो (मापाला शेजारी पट्टी ठेवून), जीपीएस आणि तारीख एवढंच टिपतो. थरांचा कल फोनमधल्या कंपासने मोजलेला चालेल का? लोखंडी खनिजांमुळे सुई भरकटते म्हणे. नोंदी कुठल्या नमुन्यात ठेवल्या तर उद्या अभ्यासकांच्या कामी येतील? आणि ठाणे-मुंबईतल्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणारं कुणी ओळखीचं असेल, तर एक रविवार आमच्यासोबत येतील का? नमुने फोडून आणत नाही, हे आधीच सांगते. चहा-वडापाव आमच्याकडून.