अनुभव धागा: थंडीतली नानकटाई, केक आणि वाटायचे डबे (खान्देशी मंडळींसाठी)

धागा काढणारी, धुळे

धुळ्यात पारा उतरला की तुपाच्या बरणीत चमचा उभा राहतो. माझं स्पष्ट मत आहे की नानकटाईला याहून चांगला मुहूर्त नाही. मे महिन्यात तेच तूप पातळ होतं, गोळा पत्र्यावर ठेवला की पसरतो आणि नानकटाईची पापडी होते. आत्ता मात्र तूप रवाळ असतं, फेसलं की पांढरंशुभ्र फुलतं. म्हणून आमच्याकडे दिवाळीचा फराळ संपला की नाताळ ते संक्रांत या दिवसांत भाजायचं काम निघतं.

तुमच्या घरी काय होतं, कशात होतं, आणि डबे कोणाकोणाकडे जातात ते लिहा. प्रमाण देणार असाल तर वजनात द्या. प्रत्येकीची वाटी वेगळी. आणि विकत आणून ताटलीत मांडलेल्याचे फोटो नकोत, आम्ही ओळखतो.

अमळनेरहून

ताई, आमच्याकडे ओव्हन नाही आणि हवाय कोणाला! गल्लीच्या तोंडाशी लाकडावरची भट्टी आहे. सामान आपलं, मजुरी किलोवर. आमचं ठरलेलं प्रमाण असं: मैदा ७५० ग्रॅम, बेसन १५०, बारीक रवा १००, तूप ६५०, पिठीसाखर ५००, वेलची-जायफळ आणि चिमूटभर सोडा. तूप-साखर घरूनच हाताने फेसून न्यायची, भट्टीवर तेवढा वेळ कोणाला नसतो.

भट्टीचा क्रम ठरलेला असतो. पहाटे कडक आचेवर पाव, मग खारी, आणि विटांची धग उतरायला लागली की आमच्यासारख्यांची बिस्किटं. सगळ्यात शेवटी टोस्ट, ते रात्रभर आतच वाळतात. भट्टीवाले चाचा आत चिमूटभर मैदा फेकतात. तो लगेच काळा पडला तर आम्हाला म्हणतात, "बसा, चहा घ्या." हळूहळू तांबूस झाला की पत्रे आत सरकतात.

एका वेळी चार-पाच घरांचे पत्रे लागतात, म्हणून प्रत्येकाची खूण असते. आमची चारोळी, समोरच्या काकूंची टुटीफ्रुटी, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे नुसती काट्याची फुली. तरी आमच्या डब्यात एखादी टुटीफ्रुटीवाली निघतेच. ती काकूंची बिलंदर पोरं मुद्दाम टाकतात असा माझा संशय आहे, कारण तेवढी एक मागायला ती घरी येतात आणि चार खाऊन जातात.

मोठी माय मात्र कडेला थोडी तांबूस झालेली बघितली की विचारणार, "बठ्ठं जयनं का काय वं?" (सगळं जळलं की काय गं?) आणि मग त्यातलीच उचलणार.

भुसावळहून

वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. आम्ही मराठी ख्रिस्ती. जंक्शनच्या गावात पूर्वी अँग्लो-इंडियन कुटुंबंही बरीच होती, आमच्या आईने केक त्यांच्याकडेच बघून शिकला.

नोव्हेंबरातच मनुका, काळ्या मनुका, खारकेचे बारीक तुकडे आणि संत्र्याची पाकवलेली साल रममध्ये भिजत पडायची. शेजारी मात्र बहुतेक शाकाहारी, त्यामुळे दुसरा केक बिनअंड्याचा, त्याचा मेवा संत्र्याच्या रसात. नवीन करणाऱ्यांना सांगते, रसातला मेवा महिनाभर ठेवायचा नसतो, आंबतो. एक-दोन दिवस, तेही फ्रिजमध्ये. रमवाला खुशाल ठेवा.

केकचा काळपट रंग कोकोचा नसतो, जाळलेल्या साखरेचा असतो. कोरड्या कढईत साखर वितळू द्यायची, मधासारखी झाली तरी थांबायचं नाही. गडद होऊन धूर निघायला लागला की गॅस बंद, आणि मग गरम पाणी हात लांब ठेवून, थोडं थोडं. फार उडतं ते. आई त्या वेळी आम्हा मुलांना ओट्यापाशी उभं करायची नाही. घरभर कडवट-गोड वास सुटला की कॉलनीला कळायचं, यांच्याकडे सुरू झालं.

कलकल तळायचे असतात, भाजायचे नाहीत, पण या धाग्यात बसवून घ्या. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, शंखाचा आकार येतो. एकटीने करायचं कामच नाही ते. संध्याकाळी पाच-सहा जणी परातीभोवती बसायच्या, त्यात गुजर काकू आणि पाटील काकू ठरलेल्या. २५ डिसेंबरला आमच्याकडून गेलेली ताटं लगेच परत येत नसत. संक्रांतीला एकदम तिळाच्या लाडवांसकट यायची. आई तोवर चार ताटांवर घर चालवायची.

चोपड्याहून, एक शंका

तूप साजूकच हवं का? आमच्या इथले बेकरीवाले वनस्पती तूप घालतात.

धुळे

वनस्पतीने खुसखुशीत होतात आणि टिकतातही जास्त, पण टाळूला चिकटतात. बाहेर वाटायचं म्हणून वनस्पती आणि घरात साजूक, असं करणारी घरं मला माहीत आहेत. नावं विचारू नका.

रावेरहून

आमच्याकडे भट्टी नाही, रम नाही, केळी आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण निर्यातीच्या खोक्यात न बसणारी फणी शेवटी आमच्याच घरात येते. शिकरण खाऊन खाऊन किती खाणार भाऊ?

केक कुकरात. झाकणाची रिंग आणि शिटी काढायची, तळाला मिठाचा थर, वर स्टँड, दहा मिनिटं तापवायचं. कणीक २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १२०, तेल ८० मिली, दही ५० ग्रॅम, तीन केळी कुस्करून, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा पाव चमचा. कडेला अक्रोड नसले तर शेंगदाण्याचा भरडा, आपल्याकडे त्याला काय तोटा. मंद आचेवर पाऊण तास, मग सुरी घालून बघा.

थंडीत केळं पिकायला वेळ घेतं. लोक घाईने फ्रिजमध्ये ठेवतात, तिथे साल काळी पडते आणि आतला गर तसाच राहतो. गव्हाच्या कोठीत पुरा. सालीवर काळे ठिपके पडले की केकला तयार.

नवापूरहून

आमच्या तालुक्यात नाताळ म्हणजे घरची दिवाळीच. मावची, गावित, कोकणी, पुष्कळ आदिवासी कुटुंबं ख्रिस्ती आहेत. आदल्या काही रात्री गाणी म्हणत मंडळी घरोघर फिरतात. तीस-चाळीस जण अंगणात, ढोलक, शेकोटी, आणि प्रत्येक घरी चहा. तेवढ्यांना पुरणार काय? केक नाही पुरत. नानकटाई पुरते. म्हणून आमच्याकडे हिशेब किलोत नाही, डब्यांत असतो, तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे.

एक डबा सुरतेला जातो. अर्धं खान्देश तिथल्या उधन्यात राहतं हे सांगायला नको. आमचं स्टेशन तसंही अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गाडीत ओळखीचं कोणी दिसलं की डबा त्याच्या हाती. नानकटाई मूळची सुरतेची असं तिकडचे ऐकवतात. ऐकवू द्या, डबा रिकामा तेच करतात.

शहाद्याहून

मैदा नको असणाऱ्यांसाठी: दादर ज्वारीचं पीठ. नुसत्या ज्वारीची नानकटाई हातात भुगा होते, कारण चिकटपणा नाही. निम्मी कणीक मिसळा, किंवा पीठ तुपावर परतून गार करा आणि दोन चमचे दूध घाला. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेचे पाहुणे येतात, घोडे बघून दमलेले. त्यांना चहाबरोबर ही देतो. मधुमेहाचे काका "ज्वारीची आहे ना" म्हणत सहा खातात. गूळ त्यातही आहे, काका.

यावलहून

एवढी आग पेटवायचीच तर भरताची वांगी भाजा ना. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. केक काय!

अमळनेरहून

भरीत झाल्यावर तोंड गोड कशाने करता दादा?

यावलहून

बरं, द्या दोन. चारोळीवाली.

पुण्याहून, मूळची पारोळ्याची

सगळं वाचून फक्त त्रास झाला. एक डबा इकडे कोणी पाठवेल का? इथे ओव्हन आहे, पण वेळ नाही. आणि ते फुटतं का वाटेत?

अमळनेरहून

पूर्ण गार करून भरायची, ऊन ऊन भरली तर वाफ धरते आणि मऊ पडते. थरांमध्ये कागद, वरची मोकळी जागा चुरमुऱ्यांनी भरायची, हलत नाही. ट्रॅव्हल्स रात्री निघते, सकाळी उतरवून घ्या. पत्ता खासगीत कळवा. आणि डबा रिकामा परत आला तर पुढच्या वर्षी वनस्पतीची मिळेल.