हल्ल्यांच्या बातम्यांमुळे डॉक्टर आपल्याला घाबरू लागले आहेत का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
गेल्या आठवड्यात आईला छातीत दुखू लागल्याने दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टर तिच्याशी बोलण्याआधी आमच्या सह्या घेत होते. बातम्यांचा हा परिणाम असेल का?

उत्तर १ (निवासी डॉक्टर):
होय, आणि हे मान्य करताना वाईट वाटते. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा बातमीत मारहाण दिसते, पण अपुऱ्या खाटा आणि रात्रभराची ड्यूटी दिसत नाही. ती वाचून छोटे रुग्णालय गंभीर रुग्णाला पुढे पाठवते आणि त्यात त्याचाच मोलाचा वेळ जातो.

उत्तर २ (शाहूपुरी):
‘हलगर्जीपणामुळे मृत्यू’ हा मथळा चौकशीआधीच छापला जातो, हे मला फार खटकते. २०१० च्या राज्य कायद्याने असा हल्ला अजामीनपात्र असून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र पुढे शिक्षा झाली की नाही, याची बातमी क्वचितच येते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सह्या झाल्यावर त्याच डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे हृदयाचे चित्र काढून आईला अडथळा दाखवला, तेव्हा ती प्रथमच शांत झाली. तो कागद तिने जपून ठेवला आहे.