मदत हवी आहे: पाऊस पडेपर्यंत परड्यात कोणती भाजी लावू?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, जमीन तांबडी, परडं जेमतेम गुंठाभर. शिमगा आला की घरात रोज एकच प्रश्न, आज भाजी काय? मेथी फुलावर गेली, पालकाला दांडे फुटले, वाटाणा संपला. पावसाळी भाज्यांना अजून तीन महिने. तोवर शेवग्याच्या शेंगा, फणसाची कुयरी आणि मसुरीची आमटी. (कुयरीची भाजी मला रोज चालेल, पोरं मात्र ताट सरकवतात.) बेळगावच्या बाजारात पालेभाजी मिळते, पण पेंडी बारीक आणि दुपारपर्यंत माना टाकलेली.

म्हणून लाल भाजी (लाल माठ) पेरली. ऊन सोसते, 25-30 दिवसांत काढायला येते. पण रोपं बोटभर झाली की पानांची चाळण होते. उलटून बघितलं तर हिरवी अळी जाळं करून पान गुंडाळून आत बसलेली. घरात खायची भाजी, विषारी औषध नको. निंबोळी अर्क किती दिवसांनी मारता? मारल्यावर भाजी कधी काढता?

दुसरं, विहिरीचं पाणी खाली गेलंय. भांड्यांचं पाणी अळवाला जातं, त्याची काळजी नाही. उरलेल्या थोड्या पाण्यावर गवार बरी की चवळी? आणि निपाणी-चिकोडीकडच्या ताई-काकूंनो, गवार वाळवून ठेवताना आधी उकडता की तशीच उन्हात टाकता? आमची काळी पडते.

गुढीपाडव्याच्या आत बी टाकायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा.